विमानतळाची कार्यक्षमता मोजताना धूर कुठे मांडायचा?

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं उडू लागली. आता मुंबईशी तुलना होणारच. पण प्रवासी भागिले धावपट्टी या हिशोबात धूर आणि आवाज येतच नाहीत.

रूढ पद्धत डीईएची (डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस): कमीत कमी इनपुटमधून जास्तीत जास्त आउटपुट कोण काढतं, हे विमानतळांची आपसात तुलना करून ठरवायचं. इनपुट म्हणजे धावपट्टी, टर्मिनलचं क्षेत्रफळ, गेट, चालू खर्च. आउटपुट म्हणजे उड्डाणं आणि डब्ल्यूएलयू (वाहतूक मोजायचं एकक: एक प्रवासी किंवा 100 किलो माल). कार्बन हा नकोसा आउटपुट. काहीजण तो सरळ इनपुटमध्ये ढकलतात. गणित सुटतं, पण मग तेवढ्याच धावपट्टीतून कितीही धूर निघू शकतो असं मॉडेल गृहीत धरतं. त्यापेक्षा चुंग, फेअर आणि ग्रॉसकॉफ यांची 1997 ची दिशात्मक अंतराची रीत बरी: उड्डाणं वाढवता वाढवता धूर किती घटवता येईल, हे ती एकदमच तपासते.

खरी गोची आकड्यांत आहे. इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या उतरण-उड्डाणाच्या प्रमाणित चक्रात, 3000 फुटांखाली, टॅक्सी 26 मिनिटं, उतरण 4, चढण 2.2 आणि टेकऑफ 0.7 मिनिटं धरतात. उड्डाणांना याच आकड्यांनी गुणलं की कार्बन उड्डाणांच्या जवळपास प्रमाणातच येतो. मॉडेलला नवं काही कळत नाही, क्रमवारी फारशी हलत नाही, आणि वर निष्कर्ष निघतो की पर्यावरणाने फरक पडत नाही! फरक पडेल कसा?

म्हणून गेट सोडल्यापासून टेकऑफ सुरू होईपर्यंतची प्रत्यक्ष मिनिटं घ्या. ए320 ची दोन्ही इंजिनं जमिनीवर मिनिटाला साधारण 12 किलो इंधन पितात. रांगेत 10 मिनिटं जास्त गेली की 120 किलो; गुणिले 3.16 (एक किलो इंधन जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड, किलोत), म्हणजे सुमारे 380 किलो कार्बन डायऑक्साइड. मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्याची किंमत इथेच दिसते. गेटवर चालू ठेवलेल्या एपीयूचं (वीज आणि हवा पुरवणारं विमानातलं छोटं इंजिन) इंधन वेगळं जोडा.

आवाजासाठी सरासरी डेसिबल घालू नका. ते लॉगरिदमिक, त्यांच्या गुणोत्तराला अर्थ नाही. नकाशावर आवाजाच्या ठरावीक पातळीची रेषा काढून तिच्या आत किती माणसं राहतात, ते मोजा.

नव्या विमानतळाचं अजून एक. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 2 कोटी प्रवासी, ती आधी बांधलेली. वाहतूक मागून येणार. सुरुवातीच्या वर्षांचा कमी गुण हा कारभाराचा दोष समजू नये. आणि 4 इनपुट, 3 आउटपुट असतील तर ढोबळ नियमाने त्यांच्या बेरजेच्या तिप्पट, म्हणजे किमान 21 विमानतळ तुलनेला हवेत. नाहीतर बरेचसे विमानतळ शंभर टक्के कार्यक्षम निघतात. तेवढे मिळत नसतील तर आधी टर्मिनलचं क्षेत्रफळ वगळा. धूर वगळू नका.