आज्जी उजव्या कोपऱ्यातून बोलायला लागली तेव्हा

प्रिव्ह्यू थिएटरात आपली फिल्म पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर लागते तेव्हा पोटात गोळा येतोच, माझ्या तर तिसऱ्या मिनिटाला तो घशापर्यंत आला, कारण पडद्याच्या बरोब्बर मध्ये ओटीवर बसलेली आज्जी बोलत होती आणि आवाज येत होता उजव्या कोपऱ्यातून. मग वीज पडली. ती मागे उजव्या भिंतीवरच्या छोट्या स्पीकरमध्ये खुळखुळली आणि संपली. डायरेक्टर माझा कॉलेजपासूनचा मित्र, त्याने मान वळवून एवढंच विचारलं, "हे काय आहे रे?"

थोडं मागे जातो. फिल्म १८ मिनिटांची, कोकणातलं घर, पाऊस, आज्जी आणि नातू. साउंड करणारा मुलगा मध्येच दुसऱ्या कामावर गेला आणि मी एडिटर असल्यामुळे "तूच कर ना, तुझ्या त्या रिझॉल्व्हमध्ये होतं की सगळं" असं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. होतं हे खरंय. २०१७ च्या व्हर्जन १४ पासून दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या कामासाठी फेअरलाइटचं अख्खं पेज आलं आणि ५.१ मिक्स (पुढे तीन स्पीकर, मागे दोन आणि खालच्या गडगडाटासाठी एक सबवूफर, म्हणजे सब) त्यात आरामात होतं, ट्रॅकवर राइट क्लिक करून टाइप बदला, मेन बस, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र मिसळतात ती, ५.१ करा, आवाज कुठून यावा ते ठरवणाऱ्या पॅनरमध्ये ठिपका हवा तिथे ओढा. मी आधी दोन दिवस तो ठिपका गोल गोल फिरवण्यातच घालवले, बेडूक डावीकडून मागे, मागून उजवीकडे. ते सगळं नंतर काढून टाकलं कारण बेडूक असे धावत नाहीत.

स्पीकर कसे लावले ते ऐका. पुण्यात माझी खोली दहा बाय दहा, पुढचे दोन मधल्या रेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे दोन साधारण ११० अंशांवर हवेत, म्हणजे कानाच्या रेषेच्या थोडेसेच मागे, अगदी पाठीमागे नाही (घरोघरी लोक सोफ्याच्या मागे लावतात ते चूकच). मी खुर्चीला सुतळी बांधून तेवढीच सुतळी सगळीकडे ताणली, एक स्पीकर कपाटावर गेला, एक खिडकीच्या ग्रिलला. बायको म्हणाली सत्यनारायण आहे का.

पावसात मात्र खरी मजा आली. आमच्या गावच्या घरी पडवीवर पत्रा आहे, तिथे मी रेकॉर्डर ठेवून तासभर पाऊस घेतला होता. पहिल्यांदा काय केलं, तीच स्टीरिओ क्लिप पुढे टाकली आणि कॉपी करून मागे टाकली. पाऊस चारी बाजूंनी यायच्या ऐवजी डोक्यात अडकल्यासारखा वाटायला लागला आणि जरा मान हलवली की आवाजाचा रंगच बदलायचा. तोच आवाज दोन ठिकाणांहून किंचित मागेपुढे कानात आला की असंच होतं, काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात. उपाय एकदम सोपा निघाला, मागच्या जोडीला त्याच रेकॉर्डिंगचा चाळीस सेकंद पुढचा तुकडा लावला. पाऊस तोच, थेंब वेगळे. मी डोळे मिटले आणि शप्पथ सांगतो, पडवीत होतो.

संवादांची गंमत वेगळी. बरेच जण संवादाची क्लिप स्टीरिओ ट्रॅकवर ठेवतात, हेडफोनवर मध्ये ऐकू येतं म्हणून खूष होतात. पण तो आवाज मधल्या स्पीकरमधून येतच नाही, डाव्या-उजव्यातून सारखा येतो आणि मध्ये असल्याचा भास होतो, थिएटरात डाव्या टोकाला बसलेल्या माणसाला आज्जी डावीकडेच बसलेली ऐकू येते. म्हणून क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये जाऊन मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचं करायचं, ट्रॅकपण मोनो, मग तो सरळ सेंटरला जातो. हे मला माहीत होतं, हे मी केलं होतं, म्हणून तर त्या दिवशी डोकं फिरलं.

तर झालं असं. ट्रॅकच्या लिस्टमध्ये दोन नावं दिसतात, '५.१' आणि '५.१ फिल्म'. आता आपण फिल्म करतोय तर काय निवडणार? मी बस, संवाद सोडून बाकीचे ट्रॅक, सगळं 'फिल्म' केलं. दोन्हीत चॅनेल तेच सहा, फरक फक्त ओळीत उभं राहण्याचा. साध्या ५.१ मध्ये डावा, उजवा, मधला, सब, मागचा डावा, मागचा उजवा. फिल्मवाल्यात डावा, मधला, उजवा, मग मागचे दोन आणि सब शेवटी. मी दिलेली सहा चॅनेलची वेव्ह फाइल डीसीपी (थिएटरात लावायची फिल्मची डिजिटल कॉपी) बनवणाऱ्याने पहिल्या ओळीप्रमाणे घेतली, त्याची काही चूक नाही, डीसीपीत तीच ओळ असते. मग दोन नंबरची आज्जी उजव्या स्पीकरात आणि सहा नंबरचा सबचा गडगडाट मागच्या उजव्यात. १२० हर्ट्झच्या खालचा गडगडाट भिंतीवरच्या स्पीकरला कसा झेपणार.

आणि घरी हे एकदाही का नाही कळलं? कारण रिझॉल्व्हला स्वतःची ओळ माहीत असते, तो माझ्या स्पीकरला आणि हेडफोनला सगळं बरोबर वाटून देतो. घोळ फाइल घराबाहेर पडल्यावरच होतो.

त्याच रात्री दुसरं एक सापडलं ते बरं झालं. यूट्यूबसाठी स्टीरिओ काढली तर वीज गायब. ५.१ चं स्टीरिओ करताना सेंटर आणि मागचे चॅनेल साधारण ३ डीबी कमी करून डाव्या-उजव्यात मिसळतात आणि सबचा चॅनेल बहुतेक वेळा सरळ टाकून देतात. मी शहाण्याने विजेचा सगळा जीव सबमध्येच ठेवला होता. आता गडगडाट पुढच्या दोन्हीत पूर्ण असतो, सबमध्ये फक्त वरची फोडणी.

डीसीपी पुन्हा बनवली. या वेळी वेगळी एक टेस्ट फाइल बनवून घेतली, त्यात एकेका चॅनेलवर माझाच आवाज, "डावा... उजवा... मधला..." असं. ऑपरेटर काकांनी ती लावली आणि आम्ही दोघं रिकाम्या थिएटरात बोटं दाखवत उभे, डावा डावीकडून आला, मधला मधून आला. चौथ्याला नुसतं "हुंऽऽ" असं काहीतरी झालं.

काका म्हणाले, "हा बिघडलाय वाटतं."

"नाही काका, तो सब आहे, त्याला बोलता येत नाही."