नऊ पॉइंट, दोन खाती आणि एक एल्क

एल्कच्या शिकारीचं परमिट सोडतीत लागल्याचं मला ईमेलच्या आधी क्रेडिट कार्डावरून कळलं. मे महिन्यात पैसे कापलेले दिसले आणि डोळ्यांत पाणीच आलं. (अर्ज भरतानाच कार्डाची मुदत बघून ठेवा.)

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा भाऊबंद, पण त्याहून थोराड. इथे अमेरिकेतल्या युटा राज्यात त्याच्या नराची लिमिटेड एंट्री (म्हणजे ठरलेल्या भागात मोजक्याच शिकाऱ्यांना मुभा देणारी) परमिटं थोडीच निघतात. ड्रॉ, म्हणजे सोडत, लागली नाही की त्या वर्षाचा एक बोनस पॉइंट जमा होतो. निम्मी परमिटं सर्वाधिक पॉइंटवाल्यांना जातात, उरलेल्या निम्म्यांत नशीब. तिथेही प्रत्येक पॉइंटमागे एक जादा संधी. म्हणजे पॉइंट म्हणजे आयुष्यातली वर्षं. माझी ९ होती. निदान मी तसं समजत होतो.

मार्चमध्ये अर्ज भरायला बसलो तर पडद्यावर ५. चार वर्षं गायब!

झालं होतं असं. शिकारीचं पहिलं लायसन्स मी एका दुकानात काढलं होतं. काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट बघून माझ्या वडिलांचं नाव आडनावाच्या जागी टाकलं आणि जन्मतारखेत दिवस-महिन्याची अदलाबदल केली. मी तेव्हाच सांगितलं, तर म्हणाला, चालतं. चार वर्षं मी त्याच ग्राहक क्रमांकावर अर्ज केले. पुढे ड्रायव्हिंग लायसन्स दाखवून शिकारीचं नवं लायसन्स काढलं, तेव्हा दुसराच क्रमांक तयार झाला. नाव वेगळं, तारीख वेगळी, म्हणजे संगणकासाठी माणूसच वेगळा. दुकानात गेलो तर जुनी नोंद आमच्याकडे नाही म्हणाले. तीन फेऱ्या मारल्या. त्या "चालतं"चा राग अजून जात नाही. अर्जाची मुदत एप्रिलमध्ये संपत होती आणि मला रात्री झोप लागत नव्हती.

शेवटी तारलं ते हंटर एज्युकेशनच्या, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाच्या कार्डाने. १९६५ नंतर जन्मलेल्यांना हा कोर्स सक्तीचा आहे. त्या कार्डाचा नंबर माझ्या जुन्या आणि नव्या, दोन्ही लायसन्सवर एकच होता. जुन्या पावत्या बायकोने बुटांच्या खोक्यात जपून ठेवल्या होत्या, देव तिचं भलं करो. दोन्ही खाती एक झाली आणि मुदतीच्या चार दिवस आधी ९ दिसले. एकही पावती फेकू नका.

अर्जात युनिट, म्हणजे शिकारीचा विभाग, निवडताना तिथल्या नरांचं ठरवलेलं सरासरी वय बघा. कुठे मारलेल्या नरांचं साडेपाच-सहा वर्षं ठेवतात, कुठे साडेसहा-सात. त्यावरूनच परमिटांची संख्या ठरते. जास्त वयाच्या युनिटला रांग लांब, पण नर खरोखर मोठे. ही पद्धत मला मनापासून पटते.

रायफलच्या मोसमात अंगावर किमान ४०० चौरस इंच झगझगीत केशरी रंग हवा, हे सांगायचं राहिलंच.

सहाव्या दिवशी पहाटे अ‍ॅस्पेनच्या झाडीतून नराची शीळ आली. एकच गोळी लागली. मग गुडघ्यावर बसून चाकूने खालचे पुढचे दोन दात काढले. एल्कला वरचे पुढचे दात नसतातच. ते पाकिटात घालून वन्यजीव खात्याकडे पाठवायचे. झाडाच्या खोडासारखी दातातही वर्तुळं असतात, त्यावरून वय काढतात. माझ्या नराचं आलं ७ वर्षं.

आता माझे पॉइंट शून्य, आणि एल्कसाठी पाच वर्षं अर्ज करता येणार नाही. यंदा बायकोने लायसन्स काढलं. काउंटरवर तिचं नाव मी एकेक अक्षर वाचून घातलं आणि जन्मतारखेतला महिना शब्दांत सांगितला.