‘ईडी’चे तीन उच्चार आणि आपली वर्णमाला : माझा अनुभव

इंग्रजीच्या तासाला भूतकाळाचा धडा आला की फळ्यावर एक ओळ लिहायची रीत आहे : क्रियापदाला ईडी (-ed) लावा. लिहिण्यापुरती ती पुरेशी आहे. मुलं ती मोठ्याने वाचतात कशी, इकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. वॉकेड, हेल्पेड, वॉशेड. दिसतं तसं वाचायचं ही सवय मराठीनेच लावलेली, त्यात मुलांचा काही दोष नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत, सातवीच्या वर्गासाठी यंदा मी ठरवलं, आधी कान आणि मग वही.

ईडीचे उच्चार तीन : ट, ड आणि इड. कुठे कोणता, याची यादी पाठ करून घेणं मला पटत नव्हतं. भिंतीवरच्या वर्णमालेच्या तक्त्यात कठोर आणि मृदू व्यंजनं शेजारी शेजारी बसलेली होतीच. मुलांना गळ्यावर बोटं ठेवायला सांगितलं. नुसता ‘स्स्स’ लांबवला तर गळा शांत, ‘म्म्म’ म्हटलं की थरथरतो. मग क्रियापदाचा शेवटचा आवाज घ्यायचा, अक्षर नव्हे. तो कठोर असेल तर पुढे ट : वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. ‘लाफ’च्या शेवटी जीएच लिहितात, पण आवाज फ चा, म्हणून लाफ्ट. शेवट मृदू किंवा स्वर असेल तर ड : कॉल्ड, क्लीन्ड, प्लेड. आणि मुळातच ट किंवा ड असेल तर मध्ये इ घ्यावाच लागतो, नाहीतर प्रत्यय ऐकूच येणार नाही : वॉन्टिड, नीडिड.

इथे मला व्यंजनसंधी आठवला. विपद् आणि काल मिळून विपत्काल होतो, कारण पुढचा कठोर क मागच्या द ला कठोर करतो. इंग्रजीत ओढ उलट दिशेने लागते, मागचा आवाज प्रत्ययाला आपल्यासारखा करून घेतो. हे सांगितल्यावर वर्गातले काही चेहरे उजळले. इंग्रजीच्या तासाला मराठी व्याकरण उपयोगी पडतं, हे त्यांना नवीन होतं.

एक मुलगी म्हणाली, “बाई, मग ई लिहितात कशाला?” प्रश्न रास्त होता. जुन्या काळी तो खरोखर उच्चारला जायचा. पुढे बोलण्यातून गळला, लेखनात राहिला.

नामांकडे वळल्यावर काम हलकं झालं. जे मूल घोडा–घोड्याला, विहीर–विहिरीत हे सामान्यरूप विचार न करता करतं, त्याला इंग्रजी नाम म्हणजे सुट्टीच. अनेकवचनाचा एस आणि मालकी दाखवणारा एस, बस्स. उच्चाराचे नियमही तेच : कॅट्स, बुक्स यांत स, डॉग्ज, पेन्ज यांत गळ्यातून वाजणारा ज, आणि बस, वॉच यांना इज. हा ज ‘जागा’मधल्या ज च्या जवळचा आहे, ‘जीवन’मधल्या नव्हे, एवढं मात्र पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यावं लागलं. ‘ही वॉक्स, शी वॉचिज’ यांतला क्रियापदाचा एसही याच वाटेने जातो. एकदा कान तयार झाला की तिन्ही ठिकाणी चालतो.

पाठांतर किती आणि समज किती, हे बघायला मी १९५८ सालची एक युक्ती वापरली. जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून सांगितलं, हा ‘वग’. आता दोन आहेत, म्हणजे काय? मुलांनी कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बरोबर सांगितलं. मी तशीच खोटी क्रियापदं रचली : गिप, झोल, नाट. वर्गाने गिप्ट, झोल्ड, नाटिड अशी उत्तरं दिली. बर्कोच्या लहानग्यांना जास्तीचा स्वर लागणारी रूपं अवघड गेली होती. आमच्याकडे उलट, इड सगळ्यात आधी जमलं, कारण ते लिहिल्याच्या जवळ जातं. गिप्ट म्हणायला वेळ लागला.

स्पेलिंग मी मुद्दाम शेवटी घेतलं. ‘स्टॉप’चा पी दुप्पट होतो, ‘अॅडमिट’चा टी होतो, ‘व्हिजिट’चा होत नाही, कारण तिथे जोर पहिल्या भागावर आहे. जोर कुठे पडतो, हे पुन्हा कानालाच विचारायचं. ‘सिटी’चा वाय जाऊन आयईएस येतं, ‘बॉय’चा वाय मात्र टिकतो, कारण त्याच्या आधी स्वर आहे. हे लिहून लिहूनच बसतं.

इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून घेऊ नयेत, असं काही शिक्षक आग्रहाने सांगतात. स्पेलिंगसाठी ते बरोबरच आहे. आवाजासाठी मात्र मला त्यांचं पटत नाही. ‘वॉक्ट’ हे जोडाक्षर फळ्यावर दिसलं की कुठेही न थांबता बोलायचंय, हे मुलाला सांगावंच लागत नाही.

आता अनियमित क्रियापदं सुरू केली आहेत. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून विचारणा झाली : ‘सेट’ला ‘सेटिड’ का नाही? शेवटचा ट आणि प्रत्यय शेकडो वर्षांपूर्वी एकमेकांत मिसळून गेले, म्हणून आज ‘सेट’चा भूतकाळ ‘सेट’च राहिला. अशी आणखी क्रियापदं मुलं आता स्वतः शोधताहेत. आतापर्यंत फळ्यावर कट, हिट, पुट आणि शट आले आहेत.