मोतीबाग ते शिमला, अडीच फुटी रुळांवरून

शिमल्याला जायचं ठरलं की आपण नागपूरकर आधी दिल्लीचं तिकीट काढतो. या सहलीत क्रम उलटा ठेवा. नागपूरवरून दिल्लीकडे तेलंगणा, तामिळनाडू, केरळ, जीटी अशा गाड्यांची रोजची रीघ असते. एकीत नाही तर दुसरीत जागा होते. कालक्याहून शिमल्याला चढणाऱ्या छोट्या गाडीला मात्र मोजकेच डबे, तेही लहान, आणि दिवाळीच्या सुटीत त्यांच्यावर सगळ्यांचाच डोळा. आरक्षण सकाळी ८ वाजता, ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० दिवस होते). स्टेशनचे कोड केएलके आणि एसएमएल. ते तिकीट हाती आलं की बाकीची सहल त्याच्याभोवती बसवायची. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र जागा हवी असेल तर पूर्ण भाडं पडतं. ती घ्याच. दहा वर्षांचं पोरगं मांडीवर घेऊन पाच-सहा तास कोणी बसू शकत नाही.

आम्ही सहा जण होतो: सासरे, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन पोट्टे, मुलगा दहाचा, मुलगी सहाची. मुलाला बर्फ पाहायचा होता, सासूबाईंना हरिद्वार. नाना एवढंच म्हणाले, "छोट्या लाइनीवर बसवून आणा मले एकदा," आणि विषय मिटला.

नाना मूळचे सौंसरचे. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजवर त्यांनी तरुणपणी इतक्या चकरा मारल्या की सावनेर, लोधीखेडा, रामाकोना, भिमालगोंदी ही स्टेशनं आजही पाढ्यासारखी म्हणतात. ती लाइन २०१५ च्या अखेरीस ब्रॉडगेज करण्यासाठी बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. त्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. कालका-शिमल्याचंही बरोब्बर तेवढंच. तेव्हा नागपूरच्या माणसाला ही गाडी परकी नाही, आणि माझा एक सल्ला खास आपल्या गावच्या लोकांसाठी आहे: निघण्याआधी मुलांना कडबी चौकाजवळचं मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय दाखवा. तिथली छोटी इंजिनं आणि डबे हात लावून पाहिलेलं पोरगं पुढे डोंगरात खिडकीतून नुसता डोंगर बघत नाही, गाडी कशी चालते तेही बघतं. नानांनी तिथेच नातवाला एकेरी लाइनीचं गणित समजावलं. रूळ एकच, मग समोरून दुसरी गाडी आली तर? त्यासाठी टोकन. दोन स्टेशनांमधल्या टापूसाठी एका वेळी एकच टोकन यंत्रातून बाहेर निघतं, आणि ते हातात असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नाही.

नागपूर-दिल्ली हा रात्रीचा प्रवास, त्यात सांगण्यासारखं फार नाही. दिवाळीचा फराळ उरलेला असतोच. त्यात दशम्या आणि तिळाची चटणी बांधून घेतली की पेंट्रीकडे बघावं लागत नाही. दिल्लीत सकाळी उतरलात तर त्याच दिवशी शिमला गाठायची घाई करू नका. लांबून आलेल्या गाडीला दोन तास उशीर होणं काही अप्रूप नाही, आणि छोटी गाडी एकदा सुटली की त्या दिवसाचा बेत बसला. आम्ही सामान क्लोकरूममध्ये टाकलं आणि चाणक्यपुरीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय पाहिलं (सोमवारी बंद असतं). पतियाळा संस्थानची एका रुळावर चालणारी वाफेची मोनोरेल तिथे आहे. मुलगा तिच्यापासून हलायला तयार नव्हता. संध्याकाळी कालका शताब्दी पकडली आणि रात्री कालक्यात मुक्काम केला. हॉटेलं साधीच आहेत. चांगलं हवं असेल तर शेजारच्या परवाणूत बघा, पण पहाटेची रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

हावड्याहून येणारी नेताजी एक्सप्रेस, म्हणजे जुनी कालका मेल, दिल्लीहून रात्री निघून पहाटे कालक्याला सोडते आणि तिथून लगेच शिवालिक डिलक्स मिळते. तरुणांना ठीक आहे. सत्तरीच्या माणसाला पहाटे चारला थंडीत प्लॅटफॉर्मवर उतरवायचं असेल तर दहादा विचार करा.

आता मुख्य प्रश्न: कोणती गाडी? शिवालिक डिलक्सच्या खुर्च्या मऊ, खाणं जागेवर येतं, थांबे कमी. पण ती सकाळी सहाच्या आत सुटते, आणि नोव्हेंबरात पहिला तासभर बाहेर काळोख असतो. दुपारी बाराच्या सुमाराची हिमालयन क्वीन शताब्दीला जोडून आहे, म्हणून पुष्कळ लोक ती घेतात. नोव्हेंबर-डिसेंबरात ती शिमल्याजवळ पोहोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो आणि शेवटचा, सगळ्यात देखणा टप्पा अंधारात जातो. काचेच्या मोठ्या खिडक्यांचे विस्टाडोम डबेही आता आहेत. माझं मत विचाराल तर पोरं बरोबर असताना शिवालिकनंतर सकाळीच सुटणारी साधी गाडी घ्या, जिची खिडकी उघडते आणि जी बहुतेक स्टेशनांवर थांबते. पोरांना आणि म्हाताऱ्यांना दर अर्ध्या तासाने पाय मोकळे करायला मिळणं, हे मऊ खुर्चीपेक्षा मोठं सुख आहे. मात्र स्वेटर आणि कानटोप्या वरच्या पिशवीत ठेवा. नागपूरच्या थंडीचा अंदाज तिथे चालत नाही.

सामान कमी न्या. आपल्या चाकांच्या मोठ्या बॅगा त्या डब्यात मावत नाहीत, मग पूर्ण प्रवास गुडघ्यांना अडकून होतो. माणशी एक मऊ पिशवी पुरते. शौचालय अगदी अरुंद असतं, तेव्हा ज्येष्ठांना मोठ्या थांब्यावर स्टेशनातलंच गाठून द्या. डावी बाजू की उजवी, यावर भांडू नका. ९१९ वळणं आहेत, दरी कधी या बाजूला तर कधी त्या.

कालक्याला ब्रॉडगेजचे रूळ संपतात आणि बाजूच्या फलाटावर आपली अडीच फुटी सुरू होते. नाना फलाटाच्या कडेशी वाकून रुळांकडे बघत राहिले. म्हणाले, "अव बाई, हे तं आपलीच लाइन होय. डोंगर तेवढे वाढले." साधारण ९६ किलोमीटरमध्ये गाडी ६५६ मीटरवरून २,०७५ मीटरवर चढते. जास्तीत जास्त चढ ३३ मीटरला एक मीटर. एवढी वळणं घेता येतात ती रुंदी कमी म्हणूनच. काही वळणं इतकी तीव्र की आपल्याच गाडीचं इंजिन खिडकीतून दिसतं. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास. ज्यांची मुलं घाटात गाडी लागून ओकतात त्यांना हे सांगायला हवं: आमच्या मुलीला चिखलदऱ्याच्या रस्त्यावर हमखास त्रास होतो, इथे ती वर पोहोचेपर्यंत खात होती.

टकसाल, गुम्मन, कोटी अशी छोटी छोटी स्टेशनं येतात. प्रत्येक ठिकाणी टोकनची देवाणघेवाण होते आणि मोतीबागेतला धडा प्रत्यक्ष दिसतो. पोट्ट्याने डब्यातल्या निम्म्या लोकांना तो समजावून सांगितला, न विचारता.

ही लाइन ९ नोव्हेंबर १९०३ रोजी सुरू झाली. गंमत म्हणजे आधी ती दोन फुटी होणार होती. लष्करी खात्याने रुंदीचा आग्रह धरला आणि १९०१ मध्ये अडीच फूट ठरली. ८६४ पूल आहेत आणि बहुतेक दगडी कमानींचे, एकावर एक मजले चढवलेले. कानोहजवळचा ५४१ क्रमांकाचा चार मजली कमानींचा पूल गाडी पूर्ण वळसा घेऊन ओलांडते, त्यामुळे मागच्या डब्यात बसलेल्यांना पुढची गाडी त्या कमानींवर दिसते. फोटोसाठी मागचा डबा बरा, तो यासाठी. कंदाघाट सोडलं की कॅमेरा बाहेर काढून बसा.

वाटेत बरोगचा थांबा मोठा. त्याच्या आधीच ३३ क्रमांकाचा, ११४३ मीटरचा, या लाइनीवरचा सगळ्यात लांब बोगदा लागतो. बरोग नावाच्या इंजिनिअरने म्हणे डोंगर दोन्ही बाजूंनी खणायला घेतला, पण दोन टोकं मध्ये जुळलीच नाहीत. त्याला एक रुपया दंड झाला आणि त्या अपमानाने त्याने जीव दिला, असं तिथे सांगतात. पुढे हॅरिंग्टन या इंजिनिअरने आजचा बोगदा काढला, आणि कुठून खणायचं ते भलकू नावाच्या स्थानिक माणसाने दाखवलं, अशी आख्यायिका आहे. शिमल्याला जुन्या बसस्टँडजवळ याच बाबा भलकूच्या नावाने छोटं रेल्वे संग्रहालय आहे, तासभर द्यायला हरकत नाही. बोगद्यात दिवे नसताना पोरं जे किंचाळतात ते मात्र सहन करावं लागतं. १०२ बोगदे आहेत. साठाव्याच्या आसपास आपली उमेद संपते, त्यांची नाही.

बरोगला उतरल्यावर कटलेट आणि चहा घ्यायचा. गर्दी सगळी एकाच खिडकीवर तुटून पडते, तेव्हा गाडी बोगद्यात असतानाच एकाने सुटे पैसे घेऊन दाराशी उभं राहावं. आमच्याकडे हे काम नवऱ्याने केलं आणि बाकीच्यांना निवांत पाय मोकळे करता आले.

समरहिलजवळ नानांना एक जागा दाखवली. १४ ऑगस्ट २०२३ च्या भूस्खलनात जतोग आणि समरहिलच्या मधला भराव वाहून गेला आणि रूळ हवेत लोंबकळत राहिले. पूर्ण सेवा सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. जुलै ते सप्टेंबर ही सहल आखू नका, हे यावरून समजून घ्या. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून जूनचा मोह होतो, पण तेव्हा उत्तरेकडच्या सुट्याही चालू असतात आणि शिमल्यात पाय ठेवायला जागा नसते. नाताळात बर्फाची शक्यता असते खरी, पण दिल्लीचं धुकं गाड्या तासन्‌तास अडवून ठेवतं. भाऊबीज झाली की निघणं सगळ्यात बरं. हवा स्वच्छ, थंडी सोसवेल अशी.

शिमल्याबद्दल थोडक्यात. मॉल रोडवर खासगी गाड्या जात नाहीत आणि स्टेशन बरंच खाली आहे. हॉटेल ठरवताना "मॉलपासून किती मिनिटं" असं विचारू नका, "किती पायऱ्या" असं विचारा. कार्ट रोडवरून मॉलकडे जाणारी लिफ्ट आहे. तिच्याजवळचं हॉटेल घेतलं तर आजी-आजोबा दिवसातून दोनदा बाहेर पडतात, नाहीतर एकदाच. पिशव्यांसाठी हमाल मिळतात, भाव आधी ठरवा. जाखूच्या हनुमानाला रोपवेने जा. तिथली माकडं चष्मा पळवतात आणि खाऊ दिल्याशिवाय परत करत नाहीत. नानांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि १०८ फुटी मूर्ती अंधुकच पाहिली. व्हाइसरॉयचा जुना वाडा, जिथे आता उच्च अध्ययन संस्था आहे, तो पाहण्यासारखा आहे. १९४५ ची शिमला परिषद तिथेच झाली. शिमल्याजवळच्या कुफ्रीचं घोड्यांचं प्रकरण वगळलं तरी चालेल.

परत येताना छोटी गाडी घेऊ नका. उतरायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो, नवं काही दिसत नाही आणि मुलं कंटाळतात. टॅक्सीने कालका किंवा चंदीगड गाठा आणि तिथून दिल्ली. रस्त्याला वळणं भरपूर आहेत, तेव्हा निघताना पोट हलकं ठेवा.

एवढी रजा नसेल तर आपल्या राज्यातली १९०७ ची नेरळ-माथेरान गाडी आहेच. नागपूरहून मुंबईच्या गाडीने कल्याण, तिथून लोकलने नेरळ. पूर्ण लाइन पावसाळ्यात बंद असते, पण अमन लॉज ते माथेरान हा छोटा टप्पा लहान मुलांना पहिला अनुभव म्हणून पुरतो. इंदूरकडे नातेवाईक असतील तर पाताळपाणी ते कालाकुंड ही मीटरगेजची गाडी २०१८ च्या डिसेंबरपासून पर्यटकांसाठी सुरू झाली, ती बघा. पाताळपाणीचा धबधबा पावसाळ्यात चांगला असतो. मात्र तिच्या फेऱ्या मधूनमधून बंद होतात, तेव्हा त्या आठवड्यात गाडी धावते आहे ना, हे इंदूरचं तिकीट काढण्याआधी पाहून घ्या.