बिनटाळांची वारी

स्पेनमधल्या कामीनोवर, म्हणजे सांतियागोला चालत जायच्या यात्रेत, पहिल्या दिवसापासून खटकली ती शांतता. माणसं चालतायत, पाठीवरच्या पिशवीला शिंपला बांधलाय, हातात काठी, आणि तोंडात काही नाही. मागून येणारा ‘ब्वेन कामीनो’, म्हणजे वाट सुखाची होवो, म्हणतो, पुढं निघून जातो. ना वीणेकरी, ना पताका. दिवेघाट मी आजवर अभंगांच्या जोरावर चढलेय, पायांच्या नाही. इथं नुसत्या पायांनी चालायचं म्हणजे मला शिक्षा वाटायला लागली.

“आई, इथं ज्याची त्याची वारी असते,” लेक म्हणाली.

ज्याची त्याची वारी! निलगिरीच्या रानात शिरल्यावर मी सरळ हरिपाठ सुरू केला, मोठ्यानं. पुढच्या दोघी बायकांनी वळून बघितलं. लेकीनं मान खाली घातली, जशी दहावीच्या निकालालाही घातली नव्हती.

लेक सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या विद्यापीठात संशोधन करते. ते विद्यापीठ १४९५ पासूनचं. पण गाव त्याच्याही आधीपासून जगाला माहीत ते येशूचा शिष्य संत याकोब याच्या थडग्यामुळं. नवव्या शतकात ते सापडलं असं मानतात आणि तेव्हापासून लोक चालत येतायत. “सत्र सुरू व्हायच्या आधी ये, माझ्या गावाला चालत जाऊ,” असं तिनं म्हटल्यावर नाही म्हणणं मला जमलं नसतं. आषाढीची वारी झालेली होती, पाय सुटलेले होते.

निघालो तुईहून. नदीपलीकडं पोर्तुगाल दिसतं. शेवटचे १०० किलोमीटर पायी चालल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही आणि तुई त्याच्या थोडं मागं पडतं, म्हणून बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. यात्रेच्या वहीत दिवसाला दोन शिक्के घ्यायचे. चर्चमध्ये घ्या, चहा-कॉफीच्या टपरीवर घ्या, पण घ्या. मला हे पटेना. वाखरीपर्यंत आलेल्या माणसाला कोणी विचारत नाही की बाबा, लोणंदला होतास का, दाखव शिक्का. लेक मात्र प्रत्येक गावात वही घेऊन धावायची.

पोर्रीन्योच्या आधीचा कारखान्यांचा सरळ रस्ता बघून मी म्हटलं, हा तर आपल्या एमआयडीसीचा भाऊ. तो टाळून आम्ही नदीकाठची वाट धरली. पोन्तेवेद्राचं शिंपल्याच्या आकाराचं देऊळ बघितलं. दगडी पायांवर उभी धान्याची कोठारं, द्राक्षांचे मांडव, मग पुन्हा निलगिरी. मधल्या दिवसांची सरमिसळ झालीय. एका मुक्कामी वरच्या बाकड्यावरचा माणूस रात्रभर इतका घोरत होता की पहाटे मी काकड्याला उठावं तशी उठून बसले आणि चिडचिड घेऊनच चालायला लागले. वाटेवर दगडी खुणा असतात, त्यांवर अंतर लिहिलेलं, दशांशाच्या पुढं तीन आकडे. म्हणजे मीटरमीटरचा हिशोब. दमलेल्या माणसाला हे कशाला सांगायचं?

काल्दास दे रेइसला गरम पाण्याचं कारंजं आहे, तिथं सगळे पाय बुडवून बसतात. मीही बसले. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उजव्या टाचेला फोड आला. आला म्हणजे सकाळपासून येत होता, दुपारी बोलायला लागला. ऊन होतं, वाट चढाची नव्हती, तरी दर पावलाला टाचेतून कळ डोक्यापर्यंत जायची. लेक म्हणाली, थांबू या. मी म्हटलं, तू पुढं जा, मुक्कामाला पाद्रोनला पलंग मिळाला नाही तर रात्री काय करायचं? ती म्हणाली, तू हट्टी आहेस. मी म्हटलं, तुझ्या वहीवर शिक्का राहील बघ. ती गेली. खरंच गेली, मागं न बघता.

मग मी रडले. पाय दुखत होता म्हणून, आणि राग आला होता म्हणून. दिंडीत पाय धरून बसलं की पाच जणी येतात, कोणी तेल आणतं, कोणी दटावतं, ट्रकमध्ये बस म्हणतं. इथं दोन पोरं शेजारून गेली, अंगठा वर करून विचारलं, ठीक ना? मीही अंगठा वर केला. काय करणार?

वाल्गाच्या अलीकडं एका घरासमोर बुटकी भिंत होती, तिच्यावर बसून बूट काढला. घरातून एक म्हातारी आली. काळा झगा, त्यावर निळ्या चौकड्यांचा अ‍ॅप्रन, हातात मिरच्यांची टोपली. या भागातल्या त्या बुटक्या हिरव्या मिरच्या, दहात एखादी तिखट निघते. तिनं माझ्या टाचेकडं बघितलं, टोपली खाली ठेवली आणि माझ्याशी भांडायलाच लागली. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण काय बोलतेय ते अगदी समजत होतं. हा बूट असा, हा मोजा असा, आणि या वयात एकटी?

ती आत गेली, घमेल्यात पाणी घेऊन आली. पाय धुतला. मी पाय मागं ओढत होते, कारण आपल्यापेक्षा वयानं मोठ्या बाईनं आपले पाय धुवायचे हे कसं सहन करायचं? तिनं पोटरीवर एक चापट मारली. मग सुई काढली, स्पिरिटनं पुसली, तिच्यात पांढरा दोरा ओवला, फोडाच्या या बाजूनं घालून त्या बाजूनं काढला आणि दोरा आतच सोडून दोन्ही टोकं कापली. आमच्या दिंडीतल्या मावशी नेमकं हेच करतात! मी हसायलाच लागले. ती आणखी चिडली. (संध्याकाळी लेकीनं तो दोरा बघून जंतुसंसर्गावर व्याख्यान दिलं आणि उपटून काढला. ती शिकलेली आहे, बरोबरच असेल.)

मग तिनं वाडगाभर सूप आणलं, पालेभाजी आणि बटाट्याचं. त्यात मांस आहे का हे विचारायला माझ्याकडं शब्द नव्हते. मी वाडग्याकडं बघत राहिले तर तिला ते कळलं, की तिला वाटलं मी दमलेय, कोण जाणे. तिनं वाडगा नेला आणि पाव, चीज आणि एक नासपती आणली. ते सगळं खाल्लं. पैसे काढले तर तिनं माझा हात मुठीसकट बंद केला. जाताना जाड लोकरी मोजे दिले, पुरुषी, धुवून धुवून मऊ झालेले. ते कोणाचे असतील ते घरात दुसरं कोणी दिसलं नाही यावरून मी समजले. मी वाकून तिच्या पाया पडले. ती दचकली, मला उठवलं, कपाळावर क्रूस काढला आणि मिरच्यांची टोपली उचलून आत गेली.

पाद्रोनला चर्चच्या वेदीखाली तो दगड आहे, संताचं शव आणणारी नाव ज्याला बांधली होती म्हणतात तो. बघितला.

सांतियागोत शिरलो तेव्हा पाऊस. ओब्रादोइरो चौकात उभं राहिलं की एका बाजूला देऊळ, एका बाजूला यात्रेकरूंसाठी बांधलेलं जुनं इस्पितळ, जे आता महागडं हॉटेल झालंय, तिसरीकडं नगरपालिका आणि चौथीकडं विद्यापीठाचं मुख्यालय. कुलगुरूंनी खिडकी उघडली की समोर चिखलानं माखून लोळणारे वारकरी. लेक तिथं रोज येते, मी मात्र ओल्या फरशीवर पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी देवळात. तो आठ माणसं ओढतात तो पन्नासहून जास्त किलोचा धूपदान झुलताना बघायचा होता, पण तो सणावारी किंवा कोणी पैसे भरले तर झुलतो. आमच्या नशिबी नव्हता. पश्चिमेचं जुनं शिल्पद्वार मातेओ नावाच्या कारागिराचं, कमानीखालच्या दगडी तुळईवर ११८८ साल कोरलंय. दाराच्या मागं, आतल्या अंगाला, गुडघे टेकून बसलेली एक छोटी मूर्ती आहे, ती त्याचीच म्हणतात. परीक्षेच्या आधी विद्यार्थी तिच्या डोक्यावर डोकं आपटायचे, बुद्धी मिळावी म्हणून. आता शिवू देत नाहीत. मला आपली नामदेवांची पायरी आठवली. आपणही दारात, पायाशी, येणाऱ्यांच्या वाटेत राहावं हे दोघांनाही सुचलं.

वेदीमागच्या अरुंद पायऱ्या चढून संताच्या मूर्तीला मागून मिठी मारायची असते. पंढरीला पायावर डोकं ठेवायला तासन्‌तास उभं राहायचं आणि सेवेकरी लगेच पुढं ढकलणार. इथं मी दोन्ही हातांनी धरलं, दगडावर चढवलेल्या त्या अंगरख्याला गाल लावला, आणि तोंडून निघालं ते ‘विठ्ठल’. मागचा माणूस खाकरला म्हणून सोडलं.

बाहेर पडताना एका कोपऱ्यात हाच संत घोड्यावर, हातात तलवार. टापांखाली काय आहे ते फुलांनी झाकलंय. लेकीनं सांगितलं, खाली मूर, म्हणजे मुसलमान लोक आहेत, मारले जाणारे. १५१० साली गोवा घेणारा पोर्तुगीज अल्बुकर्क याच संताच्या नावाच्या लष्करी पंथाचा सरदार होता हे मला ठाऊक होतं. आत्ताच मिठी मारून आले होते त्याचाच हा हात. मला तिथं हात जोडावेसे वाटले नाहीत आणि मी जोडलेही नाहीत. फुलं बदलणाऱ्या माणसाला रोज काय वाटत असेल?

मग यात्रेकरूंच्या कार्यालयात टोकन घेऊन बसलो. अर्जात विचारतात, कशासाठी चाललात. धार्मिक, आध्यात्मिक, इतर.

“आई, आध्यात्मिक लिही. सोपं पडतं.”

“कोणता धर्म ते कुठं विचारलंय?”

मी ‘धार्मिक’ला खूण केली. खिडकीतल्या मुलीनं शिक्के मोजले, माझं नाव दोनदा वाचलं आणि कागद पुढं सरकवला. तो सुरळी करून ठेवायची पुठ्ठ्याची नळी हवी असेल तर तिचे पैसे वेगळे. घेतली.