फेब्रुवारीचे तीनशे रुपये

मी पुण्यात एका कंपनीची पगारपत्रकं करते. दर फेब्रुवारीत कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, प्रोफेशनल टॅक्स तीनशे कसा? एरवी तर दोनशेच कापता." वर्षाचे अडीच हजार पुरे करायला या महिन्यात शंभर जादा, एवढं सांगते. त्यावर ठरलेलं वाक्य येतं, "घ्यायला बरोबर येतात. गरिबाची पडलीय कुणा पुढाऱ्याला?"

राग समजतो मला. पण या पैशाशी माझ्या आजीचा संबंध आहे. महाराष्ट्रात हा कर 1975 साली रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला लावला गेला.

आमचं गाव माण तालुक्यात. बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. एकदा हातोडा डाव्या अंगठ्यावर बसला. ते नख अजूनही दुभंगूनच उगवतं. चिंधी गुंडाळून तिनं ढीग पुरा केला, कारण मोजमाप झाल्याशिवाय हजेरी धरत नसत, आणि मुकादम मापात मारायचा. सुकडी मिळायची, ती पदरात बांधून पोरांसाठी घरी यायची.

त्या मुकादमाला तिची काडीची पर्वा नव्हती. पण त्याच राज्यात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे होते. त्यांच्या कल्पनेतून 1965 मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमी योजनेचा पहिला प्रयोग झाला होता. दुष्काळात ती राज्यभर गेली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितल्याच्या तारखेपासून पंधरा दिवसांत ते द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. 2005 साली रोजगार हमीचा देशाचा कायदा झाला, त्याच्या मुळाशीही हाच अनुभव होता.

पुढाऱ्याच्या मनात कळवळा आहे की नाही, हे मी कसं ओळखणार? निवडणुकीत सगळेच हात जोडतात. मी एवढंच बघते, की माझ्या आजीला कुणाच्या दारात उभं न राहता मागता येईल असं काही त्यानं कागदावर आणलं का. पाग्यांनी आणलं. म्हणून ते दोनशे रुपये कापताना मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते पुढे.

गेल्या उन्हाळ्यात चुलते काम मागायला गेले, तर "सध्या कामं नाहीत" म्हणून तोंडीच परत पाठवलं. मी फोनवर सांगितलं, तोंडी नाही, लेखी द्या आणि पोच घ्या. तीन हेलपाटे झाले. चौथ्यांदा पोच मिळाली, तेव्हा मी गावीच होते. काकांनी ती उंबऱ्यातूनच आजीला दाखवली. तिला वाचता येत नाही. हातात घेऊन तिनं ती उलटसुलट केली आणि माझ्या पुढ्यात धरली.

"तारीख टाकलीया का बघ."

टाकली होती.