बांगडा, आत्या आणि डेन्मार्क

आज धाकटीचं डोहाळजेवण झालं. सातवा लागलाय. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर फुलांची वाडी तशीच अंगावर ठेवून ती स्वयंपाकघरात आली. "ताई, कालचं बांगड्याचं तिखलं उरलंय ना गं?"

आत्याने डोळे वटारले. पोटुशीने बांगडा खाल्ला की बाळाला खरूज होते म्हणे!

मी डेन्मार्कचा प्रयोग सांगून पाहिला. सातशेच्या वर गरोदर बायका. २४व्या आठवड्यापासून निम्म्यांना रोज माशाचं तेल, बाकीच्यांना ऑलिव्हचं. २०१६ मध्ये निकाल आला: माशाच्या तेलवाल्या आयांच्या मुलांमध्ये लहानपणची सततची घरघर आणि दमा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. ज्या आयांच्या रक्तात मुळात ओमेगा-३ (माशाच्या तेलातली उपयोगी चरबी) कमी, त्यांच्या मुलांना फायदा जास्त. इसबात मात्र फारसा फरक नाही, म्हणजे आत्याची खरूज ना वाढली ना घटली. (त्या भरपूर डोसाच्या कॅप्सुल होत्या, तिखलं नव्हे, हेही कबूल केलं.)

आत्या ऐकून घेत होती. तोवर मी तिखलं चांगलं खदखदून गरम केलं.

"डेन्मार्कात तिरफळं मिळतात काय गो?" तिने विचारलं, आणि मधली जाड तुकडी धाकटीच्या ताटात वाढली.